जुन्या नाशकातले वाडे बघायला कुठून सुरुवात करावी?

पेठकर:
भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या बांधकामांची स्केचेस करायचीत म्हणून रविवारी तिला घेऊन जळगावहून येतोय. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा आधीच बघून झालंय. जुने वाडे अजून उभे आहेत का? एका सकाळीत पायी काय काय होईल?

गंगाकाठी:
गाडी गावात अजिबात घालू नका, दहीपुलाकडे अडकाल. घाटालगत लावा आणि वर चढा. सरकारवाडा चुकवू नका.

तांबटआळीकर:
माझं लहानपण जुन्या तांबट आळीतलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापासूनच करा. हा पेशवेकालीन वाडा. आत शिरायची घाई नको. आधी भाचीला बाहेरचं काळ्या दगडाचं जोतं आणि पायऱ्या काढू द्या. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नाशिककर दोनच गोष्टी विचारतात: पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं आणि सरकारवाड्याच्या पायरीला लागलं का. जोतं एवढं उंच का, हे त्यातच आलं. लाकडाचं नक्षीकाम त्यानंतर बघा. सार्वजनिक वाचनालय १८४० चं; तेही कित्येक वर्षं याच वाड्यात होतं.

तिथून तिवंध्याकडे चढा. जुनं गाव टेकड्यांवर वसलंय, त्यामुळे गल्ली वळते तसे ओटे खालीवर होत जातात. एक ओटा गुडघ्याला, तर पुढचा छातीला. दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार), चौकटीवरची गणेश कोरलेली गणेशपट्टी, कोनाडे, वरच्या मजल्याचे लाकडी कठडे हे सगळं रस्त्यावरूनच दिसतं. तिवंधा चौकात पायाखाली पेशवेकालीन रहाड आहे, म्हणजे दगडात बांधलेला हौद. वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. एवढी मोठी वास्तू वर्षातला एखादा दिवस दिसते, त्यामुळे कुठल्याच नकाशात तिला मान नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग खाली उतरून सुंदरनारायण मंदिर (१७५६), पूल ओलांडून नारोशंकर मंदिर (१७४७). नारोशंकराचं शिखर सगळेच काढतात. तिने तट आणि दारावरची घंटा काढावी. वसईच्या १७३९ च्या विजयाची म्हणून ती ओळखली जाते.

पेठकर:
ताई, खूप आभार. भाची विचारतेय, सागवान एवढं टिकतं, मग दर पावसाळ्यात वाडे पडल्याच्या बातम्या का येतात?

तांबटआळीकर:
सागवान पडत नाही हो, भिंत पडते. आमचा वाडा उतरवला तेव्हा मी समोर उभी होते. खांबाची खालची कूस (खोबणीत बसणारं टोक) तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, खोबणीतून वर उचलली, तर लाकूड कोरडं ठणठणीत, कडा अजून धारदार. पण तुळईचं, म्हणजे आडव्या मोठ्या लाकडाचं, भिंतीतलं टोक हाताने कुस्करलं जात होतं. वर दोन-चार कौलं फुटलेली, पाणी भिंतीतल्या मातीत मुरत राहिलं आणि तुळईचं टोक आतल्या आत कुजलं. बाहेरून काहीच कळत नाही. चार कौलं वेळेवर बदलली असती तर तो वाडा आज उभा असता, असं मला मनापासून वाटतं.

कौलं का बदलली जात नाहीत, तर १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली. मालकाला त्यात दुरुस्ती परवडेना. भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, मी का खर्च करू? त्यात भाऊबंदकी. आमच्याकडे हिस्सेदार इतके की सह्या होईपर्यंत दुसरा पावसाळा आला. शेवटी वाडा उतरवायची नोटीस. खांब नि कोरीव हस्त (खांबावरचे तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे) एका व्यापाऱ्याने वजनावर नेले.

म्हणून भाचीला सांगा, नक्षीबरोबर सांधेही काढ. खांब, हस्त, तुळई, वरचा कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), कुठे काय कशात बसलंय ते मापासकट. दुरुस्ती करायला कोणी तयार झालंच तर असंच रेखाटन लागतं, आणि आमच्या वाड्याचं एकही नाही.

गंगाकाठी:
मोजायला टेप आणा. पडक्या वाड्यात मात्र शिरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

तांबटआळीकर:
बरोबर. राहत्या वाड्यात चौकापर्यंत जायचं तर आधी दारातून हाक द्या. ओट्यावर बसून चित्र काढायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. सकाळी सराफ बाजार उघडायच्या आत पोचा, नंतर पाय ठेवायला जागा मिळत नाही.