इंग्रजी म्हणीला मराठी म्हण जोडून पाठ करायची, का आधी तिच्यातली वस्तू बघायची?

कृष्णाकाठ (सांगली):
परवा भाचीचा अभ्यास घेत होते, वहीत दोन रकाने, डावीकडं इंग्रजी म्हण उजवीकडं मराठी, आणि पाठांतर जोरात. 'मेक हे व्हाईल द सन शाईन्स' समोर 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे'. म्हटलं 'हे' म्हणजे काय गं? तर म्हणाली, "ते नाही माहीत मावशी, पण उत्तर हेच लिहायचंय."
अहो 'हे' म्हणजे वाळलेलं गवत, वैरण! इंग्लंडात पावसाचा नेम नाही म्हणून ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यायचं. आमच्याकडं ज्वारी काढून कडबा रानात पडलेला असतो आणि आभाळ भरून येतं तेव्हा जी पळापळ होते ना, सासूबाईंपासून पोरांपर्यंत सगळी पेंढ्या बांधायला धावतात, कारण भिजला की काळा पडतो आणि म्हैस तोंड लावत नाही, तीच ही म्हण. आणि वाहत्या गंगेत हात धुणारा कोण, तर आयता फायदा उचलणारा. एक कष्टाची, एक संधीसाधूपणाची, जोडी लागलीच कशी? अशी जोडी पाठ करण्यापेक्षा पोरीला कडबा दाखवा म्हणते मी.

क्लासवाले सर (कराड):
ताई, नाही पटलं. मी स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकवतो. पाटणच्या डोंगरातनं पोरगं येतं, मराठी मीडियम, पेपरात एका प्रश्नाला मिनिटभर पण मिळत नाही, त्याला मराठी जोडी हीच खुंटी असते. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' ला 'नाचता येईना अंगण वाकडं' सांगितलं की जन्मात विसरत नाही. आणि दरवेळी वस्तू सापडते असंही नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' मध्ये कुत्री-मांजरं कुठनं आली हे कुणालाच खात्रीनं सांगता आलेलं नाही, नेटवर ती छपरावरनं घसरल्याची गोष्ट फिरते तिला पुरावा नाही. तिथं 'मुसळधार' सांगायचं आणि पुढं जायचं.

हळदपेठ (सांगली):
सरांच्या बाजूनं. 'कॅरिंग कोल्स टू न्यूकॅसल' मला कधीच कळली नव्हती, एकानं सांगितलं, सांगलीला हळद घेऊन जाणं, झालं, एका वाक्यात डोक्यात बसली.

कृष्णाकाठ:
पण दादा, तुम्ही तर पेठेतले, सांगलीला हळद बाहेरनं येतेच की! कर्नाटकातनं येते, तेलंगणातनं येते, इथं सौदा होतो, भाव निघतो. सांगलीला हळद आणणारा वेडा नाही, बरोबर ठिकाणी आलाय. न्यूकॅसलचं उलट होतं, तिथं आसपासच्या खाणीतनं कोळसा निघायचा आणि टाईन नदीवरनं जहाजं भरून लंडनला जायचा, म्हणून तिथं कोळसा नेणं म्हणजे वाया खटाटोप. बघा, जोडी सुटसुटीत वाटली आणि गाभाच निसटला.

हळदपेठ:
हे मात्र खरं आहे ताई. रोज सौदा बघतो आणि हे डोक्यात आलं नाही.

एमआयडीसी (सातारा):
दोघांनाही म्हणतो, म्हणी कमी करा आणि ऑफिसात कानावर पडतं ते शिकवा. आमचा अमेरिकन कस्टमर मीटिंगमध्ये म्हणाला "लेट्स टेबल धिस", मला ब्रिटिश अर्थ माहीत, विषय चर्चेला घेणे, रात्री बसून सगळी ड्रॉइंगं तयार केली. अमेरिकेत त्याचा अर्थ विषय बाजूला ठेवणे. बरोबर उलटा! ह्याला कुठली मराठी म्हण जोडणार सर?

क्लासवाले सर:
ह्याला नाही जोडता येणार, कबूल. पण माझ्या पोरांना आधी परीक्षेतनं बाहेर पडू द्या, मीटिंग त्यानंतरची. बरं ताई, 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' ला मी 'एक ना धड भाराभर चिंध्या' देतो. ते पण चूक का?

विट्याचा गलाईवाला:
मधे बोलतो सर. चिंध्यावाली म्हण अनेक कामं अर्धवट करणाऱ्याची, इथं एका जागी न टिकणारा माणूस आहे. आणि 'घरंगळत्या दगडाला शेवाळ धरत नाही' ह्या म्हणीला दोन अर्थ आहेत. जुना असा, फिरत्याच्या गाठीला काही लागत नाही, म्हणजे शेवाळ ही कमाई. नंतर लोकं उलटं पण वापरायला लागली, फिरता राहील तो गंजत नाही, म्हणजे शेवाळ हा साचलेपणा. आमच्या भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली, माझे चुलते शाळा सोडून केरळात गेले आणि आज गावातलं घर त्यांच्या पैशावर उभं आहे. आजोबा त्यांना पहिला अर्थ ऐकवायचे, मराठीतनं, "एका जागी रहा रं". चुलत्यांनी दुसरा जगून दाखवला.

कृष्णाकाठ:
आणि तुमच्याकडच्या दगडाला शेवाळ धरणार कुठलं, पाऊसच नाही! सर, पोरांना एकदा पावसाळ्यात महाबळेश्वरला न्या, तिथं दगडी कठड्यावर बोट रुतेल इतकं शेवाळ असतं. आधी ते हाताला लागू दे, मग दोन्ही अर्थ सांगा.

क्लासवाले सर:
महाबळेश्वर लांब पडतं ताई. पाटणची पोरं आहेत, त्यांच्या घराच्या भिंतीवरच असतं. सोमवारी विचारतो.