बॅक्युलाच्या कॅटलॉगमध्ये फाइलच्या तीनच नोंदी. रोजचे बॅकअप गेले कुठे?

काटाघर
नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात आहे, संगणक विभाग म्हणजे मी एकटी. अकाउंट्सच्या विंडोज मशिनवर तोडणी-वाहतुकीची एक्सेल फाइल आहे, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याची. २७ जानेवारी २०२५ ला कुणीतरी तिच्यात अंतराचे दर भलतेच चिकटवले आणि सेव्ह करून मोकळं झालं. काल, २० मार्चला, वाहतूकदार बिलं घेऊन दारात उभे राहिले तेव्हा उघडकीला आलं. मला २७ च्या आधीची प्रत हवी.

बॅकअपचं सॉफ्टवेअर बॅक्युला ९, त्याचा कॅटलॉग (कुठल्या बॅकअपमध्ये कुठली फाइल याची नोंदवही) पोस्टग्रे डेटाबेसवर. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुल (सगळ्या फाइली), बाकी रविवारी डिफरन्शियल (मागच्या फुलनंतर बदललेल्या), सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या). कॅटलॉगवर थेट क्वेरी लावून पूर्ण पाथ (फोल्डरांसकट फाइलचा पत्ता) शोधला, तर शून्य ओळी. हातपाय गार पडले. नुसत्या फाइलच्या नावाने शोधलं तर तीन ओळी: २७ जानेवारीचा इन्क्रिमेंटल, २ फेब्रुवारीचा फुल, २ मार्चचा फुल. जॉब (बॅकअपची एकेक फेरी) तर रोज रात्री ओके दाखवतो. साहेबांना मी ‘हो, रोज बॅकअप होतो’ असं सांगून बसलेय.

जुनीटेप
शून्य ओळींचं आधी. पाथ एक्सप्लोररमधून उचललात ना? बॅक्युला विंडोजचे पाथसुद्धा लिनक्ससारखे फॉरवर्ड स्लॅशने साठवतो. शिवाय फोल्डर ‘पाथ’ टेबलात, नाव ‘फाइलनेम’ टेबलात, आणि फोल्डरच्या शेवटीही स्लॅश असतो. तो राहिला की काही जुळत नाही. कॅपिटल-स्मॉलही तंतोतंत हवं.

तीनच नोंदी का? इन्क्रिमेंटल फक्त बदललेली फाइल उचलतो. २७ नंतर तिला कुणी हात लावला नाही, म्हणून ती पुढे फक्त फुलमध्येच दिसते. यात गडबड काही नाही.

काटाघर
स्लॅशचं बरोबर निघालं, आता पाथनेही त्याच तीन ओळी येतात. पण दादा, ५ जानेवारीलाही फुल झालाय. फाइल तेव्हा होतीच की! तो जॉब यादीत दिसतो, फाइल मात्र दिसत नाही.

रात्रपाळी
ताई, त्या जॉबच्या ओळीत ‘पर्ज्डफाइल्स’ हा कॉलम बघा. १ असणार. क्लायंटच्या (ज्याचा बॅकअप होतो त्या मशिनच्या) सेटिंगमध्ये फाइल रिटेन्शन, म्हणजे फाइलींची यादी ठेवायची मुदत, वेगळं दिलं नसेल तर ते ६० दिवस, जॉब रिटेन्शन १८० दिवस, व्हॉल्यूमचं (डेटा ज्यावर लिहिला जातो त्याचं) ३६५. म्हणजे ५ जानेवारीच्या फाइलींची *यादी* मार्चच्या पहिल्या आठवड्यातच छाटली गेली. डेटा व्हॉल्यूमवर तसाच आहे. गोदामात पोती आहेत, फक्त वहीचं पान फाटलंय.

आधी ते व्हॉल्यूम ‘रीड-ओन्ली’ करा, त्याच्यावर परत काही लिहिलं जायला नको. मग बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाच्या कमांड खिडकीत) रिस्टोअर, जॉबआयडी त्या ५ जानेवारीच्या फुलचा. तो म्हणेल, फाइली सापडल्या नाहीत, सगळंच रिस्टोअर करू का? ‘नो’ म्हणा. मग रेगएक्स (नाव जुळवायचा नमुना) विचारतो, तिथे फाइलचं नाव द्या. आणि रिस्टोअर वेगळ्या फोल्डरमध्ये. मूळ जागी टाकून मी एकदा पोळलोय, तपशील विचारू नका.

जुनीटेप
हे बरोबर. मी बीस्कॅन (व्हॉल्यूम वाचून नोंदी परत करणारं टूल) लावून कॅटलॉग परत भरायला सांगणार होतो, त्यात दिवस गेला असता.

काटाघर
मिळाली! कॉलम १ च होता. यादी नसल्यामुळे त्याने अख्खा फुल वाचला, सव्वा तास. रेगएक्समध्ये नुसतं नाव दिलं म्हणून दोन फाइली आल्या, एक क्लार्कच्या ‘जुने’ फोल्डरातली. बरोबर कुठली ते बदलाच्या तारखेवरून ठरवलं: ४ जानेवारी.

एक शंका राहिली. कॅटलॉगमध्ये ‘एलस्टॅट’ कॉलमात साइज आणि तारीख असते म्हणे, पण तिथे नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

रात्रपाळी
बॅक्युलाच्या स्वतःच्या बेस-६४ मध्ये (आकडे अक्षरांत लिहायची पद्धत) असतं ते, बाहेरच्या डीकोडरने उलगडणार नाही. स्पेसने तोडलंत तर आठवा तुकडा साइज, बारावा बदलाची वेळ.

आणि अकाउंट्सच्या मशिनचं फाइल रिटेन्शन हंगामभर पुरेल इतकं करा, १८० तरी. सगळ्या क्लायंटना नको. कॅटलॉगमध्ये सगळ्यात फुगतं ते फाइल टेबलच.

काटाघर
फक्त अकाउंट्स आणि शेती विभागाचं वाढवलं. आता वाहतूकदारांना चहा सांगते.