मिलिपीड घरी आणून आठवडा झाला. अंगावर पांढरे कण फिरताहेत, काय करू?

मृण्मयी (मिल्टन कीन्स, इंग्लंड)

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या लेकाने वर्षभर धोशा लावला होता. शेवटी गेल्या शनिवारी इथल्या एका दुकानातून आफ्रिकन जायंट मिलिपीड घरी आणला. आपल्याकडे पावसाळ्यात न्हाणीघरात पैसा निघतो ना (आमच्या संगमेश्वरकडे वाणी म्हणतात), त्याचाच हा आफ्रिकेतला थोरला भाऊ. काळाभोर, चकचकीत, पट्टी लावून मोजला तर 17 सेंटिमीटर. हात लावला की वेटोळं करतो म्हणून लेकाने नाव ठेवलं चकली.

रविवारी तिला तळहातावर घेतलं तर डोक्यामागच्या पायांमध्ये खसखशीहून बारीक पांढरे कण तुरुतुरु पळताना दिसले. यजमान म्हणाले, गोचीड असणार, काहीतरी फवारू. मी थांबवलंय. शिवाय पोटाकडून पाहिलं तर पुढच्या भागात पायांची रांग मध्येच तुटलेली दिसते. पाय गळाले असतील का? सासूबाई भारतातून आल्या आहेत, त्या म्हणतात, "गोमेचा एक पाय मोडला म्हणून गोम लंगडी होत नाही." पण मला चैन पडत नाही. त्यांना स्वतःला वेगळीच धास्ती आहे, रात्री सुटून कानात गेली तर!

मंगळवारपासून चकली वर आलेलीच नाही. दुकानदाराने नारळाच्या भुश्शाची एक वीट दिली होती, ती भिजवून टाकीत 5 सेंटिमीटर थर दिलाय. त्याच्या तळाशी काचेला चिकटून ती वेटोळं करून पडली आहे. काकडीची चकती तशीच सुकते. उकरून बघू का?

आणि रविवारी लेकाच्या तळहातावर पिवळट तपकिरी डाग पडला, तो साबणाने जात नाही. त्याला एक्झिमा आहे, म्हणून जास्त काळजी. घरात मांजरही आहे. कुणी पाळला असेल तर कृपया सांगा. लेक शाळेतून आल्यावर दप्तरही न ठेवता आधी काचेपाशी जातो, त्याला काय सांगू कळत नाही.

देवरुखकर

ताई, आधी आजींची भीती घालवा. कानाची गोष्ट गोमेची सांगतात. गोम चावते, शिकार करते, अंगाने चपटी असते, एका वळ्याला पायांची एकच जोडी. वाणी गोल अंगाची, बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या, खाणं कुजका पाला, आणि ती चावत नाही. टाकीला घट्ट झाकण मात्र हवं, कोपऱ्यातल्या सिलिकॉनवरून वर चढते. आमच्या मागीलदारी जूनमध्ये फणसाच्या कुजक्या पाल्याखाली ढिगाने असतात. कोरड्यात एकही दिसत नाही. यावरून तिला काय हवंय ते ओळखा.

अनिरुद्ध, श्टुटगार्ट

मृण्मयीताई, उकरू नका. सगळ्यात आधी हे. मी नऊ वर्षं मिलिपीड पाळतोय आणि माझी पहिली मादी माझ्याच हाताने गेली. तीन आठवडे वर आली नाही म्हणून चमचा घालून उकरली, तर ती कात टाकत होती. पांढरी, उकडलेल्या शेवयांसारखी मऊ. चमच्याची कड लागली आणि दोन वळ्यांमधून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी संपली. ती आठवण अजून जात नाही, म्हणून प्रत्येक नव्या माणसाला हेच पहिलं सांगतो. कात टाकताना ती आठवडेच्या आठवडे मातीत राहते आणि टाकलेली कात स्वतःच खाते, त्यातला कॅल्शियम तिला परत लागतो. चकली कात टाकतेय की नव्या जागेला बिचकून दडली आहे हे वरून कळणार नाही. दोन्हीत करायचं एकच: हात लावायचा नाही.

पांढऱ्या कणांचं. हे माइट्स, म्हणजे कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव आहेत आणि रानातून पकडून आणलेल्या मोठ्या आफ्रिकन मिलिपीडवर ते जवळपास ठरलेलेच. तिच्या अंगावरच राहतात, पायांच्या मुळाशी पळतात, तिचं रक्त पीत नाहीत. ते काढू नका. काळजी कधी करायची? तेच कण काचेवर, काकडीवर, मातीवर पिठासारखे पसरले तर. ते वेगळे माइट्स, उरलेल्या खाण्यावर वाढणारे. त्यावर उपाय म्हणजे काकडी 24 तासांच्या आत उचलायची आणि मातीत स्प्रिंगटेल (बुरशी आणि कुजकं खाणारे बारीक जीव) सोडायचे. फवारा कसलाच नाही. माइट मारणारं औषध तिलाही मारू शकतं. मांजराच्या मानेवर पिसवांचं औषध लावता ना? त्यात बरेचदा फिप्रोनिल असतं, ते कीटकनाशक आहे. मांजराला कुरवाळून तसेच हात टाकीत घालू नका. धूप, उदबत्ती, डासांची वडी त्या खोलीत नको.

आता मला खरी काळजी वाटते ती त्या भुश्शाची. तुमच्या पत्रात मिलिपीडला घातक अशी तीच एक गोष्ट आहे. नारळाच्या भुश्शात तिला खायला काहीच नाही आणि काकडी म्हणजे नुसतं पाणी. मिलिपीडची माती हेच तिचं जेवण. ओक किंवा बीचची झाडाखाली पडून तपकिरी झालेली पानं, आणि बोटाने चुरा होईल असं पांढरं पडलेलं कुजकं लाकूड, हे अर्ध्याहून जास्त हवं. पाइन किंवा देवदाराचं लाकूड नको. पानं रस्त्याकडेची नकोत, फवारणी होणाऱ्या बागेतली तर नकोतच. मी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग घालतो. थर निदान तिच्या लांबीइतका, म्हणजे तुमच्याकडे 17 सेंटिमीटर. आता ती तळाशी आहे म्हणून काही हलवू नका, वरूनच हलक्या हाताने दोन-तीन दिवसांत थर चढवा. ओल किती? मुठीत लाडू वळला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिशचं हाड) किंवा अंड्याच्या टरफलाची पूड. आजींना समुद्रफेन नक्की माहीत असणार. थंडीत हीटिंगने हवा कोरडी पडते, तेव्हा ओल रोज बघा. हीट मॅट (टाकीला ऊब देणारी विजेची चटई) लावलीच तर बाजूच्या काचेला. खाली लावली तर गरम झालं की ती खाली पळते आणि खालीच भाजते.

आणि पायांची तुटलेली रांग: डोक्यापासून मोजून सातव्या वळ्यावर आहे का? तुमच्याकडे पोटाचा फोटो असेल तर त्यावरूनच मोजा.

मृण्मयी

फोटो मोठा करून लेकाने आणि मी दोनदा मोजलं. सातवंच! याचा अर्थ काय?

अनिरुद्ध, श्टुटगार्ट

चकली नर आहे. मोठ्या झालेल्या नराच्या सातव्या वळ्यावर चालायचे पाय नसतात, त्यांचे मीलनाचे अवयव झालेले असतात आणि ते आत मिटलेले असतात. त्याचं काही गळालेलं नाही. दुसरीकडे कुठे खरोखर पाय तुटलेला असला तरी पुढच्या कातींत नवा फुटू शकतो.

डॉ. शुभदा, नाशिक

त्वचारोगाची डॉक्टर आहे, म्हणून डागापुरतं लिहिते. घाबरल्यावर तो कडेच्या छिद्रांतून बेंझोक्विनोन हे रसायन असलेला द्रव सोडतो, त्याने कातडी पिवळट ते गडद तपकिरी रंगते. पावसाळ्यात बुटात पैसा चिरडला गेला की मुलांची बोटं काळसर होतात, आईवडील रक्तपुरवठा थांबला समजून धावत येतात. डाग आठवडे राहतो, घासू नका. लगेच साबण-पाण्याने धुणं एवढंच महत्त्वाचं. एक्झिमा चिघळलेला असेल त्या दिवसांत मात्र लेकाने हातात घेऊ नये. आग झाली, फोड आले तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा.

डोळा ही खरी भीती. त्याच हाताने डोळा चोळला तर बुबुळाला इजा होऊ शकते. तसं झालं तर वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. प्रत्येक वेळी धरल्यावर हात धुणं हा घरचा नियम करा, आणि तोंडाजवळ कधीच धरू देऊ नका.

मृण्मयी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भुसा होता तिथेच ठेवून वरून थर चढवला. ओकची पानं जवळच्या रानातून लेक आणि सासूबाई मिळून घेऊन आल्या. आजी एकेक पान उलटून बघत होत्या, कुजलेलं आहे ना म्हणून. समुद्रफेनाचा तुकडाही त्यांनीच ठेवलाय.

आज अठरावा दिवस. काल रात्री साडेदहाला लेकाने बॅटरीवर लाल जिलेटिन लावून पाहिलं, तर चकली वर! मिशा जमिनीवर टकटक करत चालला होता. सकाळी एका पानाची कड कुरतडलेली आणि बाजूला मुगाएवढ्या पाच लेंड्या. अंगावरचे कण आहेत तसेच आहेत, काचेवर एकही नाही. नर निघाला तरी नाव चकलीच राहणार आहे.