विषय: नाशिकमधील संकटग्रस्त मुलांसाठी परिचारिकांच्या नेतृत्वाखालील संस्था

प्रेषक: मंडळाची एक सभासद, डेन्व्हर (मूळ राहणार पंचवटी, नाशिक)

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

अमेरिकेतील आपल्या मंडळाचा यंदाचा मदतनिधी नाशिक जिल्ह्यातील मुलांसाठी वापरावा, याविषयी आपले एकमत झालेले आहे. तो कसा वापरावा, याबाबत मी एक सूचना मांडत आहे. वेठबिगारी, बालविवाह, लैंगिक अत्याचार किंवा सततचे स्थलांतर यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलामुलींसाठी नाशिकमध्ये एक विश्वस्त संस्था उभी राहावी आणि तिची सूत्रे परिचारिकांच्या हाती असावीत. परिचारिकांना शिबिरापुरते बोलावून घेणारी संस्था मला अभिप्रेत नाही. कोणते काम हाती घ्यायचे आणि पैसा कुठे खर्च करायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा असावा.

मी बालरोग विभागात नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करते. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून हे पद जन्माला आले, आणि तो पहिला अभ्यासक्रम मुलांच्या आरोग्यासाठीच होता, कारण गोरगरीब वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत मुलांना तपासायला डॉक्टर पुरत नव्हते. आज अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेली नर्स प्रॅक्टिशनर मुलांना तपासते, निदान करते आणि औषधे लिहून देते. डॉक्टरांच्या देखरेखीची अट मात्र राज्याराज्यांत वेगवेगळी आहे. बालरोग नर्स प्रॅक्टिशनरांची राष्ट्रीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. याच संघटनेने पुढे संकटग्रस्त मुलांसाठी एक स्वतंत्र धर्मादाय संस्था काढली असून, मुलांची तस्करी कशी ओळखावी याचे शिक्षण आरोग्यसेवकांना देणे हे तिचे एक मुख्य काम आहे.

परिचारिकाच का, असे कोणी विचारील. शोषण सोसणारे मूल तक्रार घेऊन दवाखान्यात येत नाही. ते ताप, जखम, पोटदुखी किंवा गर्भारपण घेऊन येते, आणि पुष्कळदा ज्याच्या ताब्यात ते असते तोच माणूस शेजारी उभा असतो. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तोच देतो, मुलाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही, जखम जुनी असते आणि ती कशी झाली याची हकीकत दर वेळी बदलते. अशा वेळी आम्ही "वजन करायचे आहे, आत चल" एवढेच म्हणतो आणि सोबतच्या माणसाला बाहेर बसवतो. आत गेल्यावरही पहिला प्रश्न शोषणाविषयी नसतो. घरी कोण कोण असते, शाळेत जातेस का, जेवायला काय मिळते, रात्री झोप लागते का, अशा साध्या चौकशीने सुरुवात करून अवघड विषयाकडे सावकाश वळायचे, अशी पद्धत आहे. ती शिकता येते आणि शिकवताही येते.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपुष्टात आणली गेली, तरीही २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुलांना मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याची प्रकरणे उजेडात आली आणि त्यांतल्या एका चिमुरडीचा जीव गेला. ती बातमी वाचल्यापासून ही सूचना माझ्या मनात घोळत आहे. नाशिकला मला बालआरोग्य शुश्रूषा शिकवणाऱ्या मॅडम आता निवृत्त असून याच यादीवर आहेत. त्यांनी आपले मत अवश्य कळवावे, ही विनंती.

—

प्रेषक: निवृत्त परिचर्या अध्यापिका, नाशिक

मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार आणि माझ्या विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

बाळ, तुझे पत्र मी दोनदा वाचले. सूचना मला मनापासून पटली आहे. परंतु तिथली रचना जशीच्या तशी इथे उचलून आणता येणार नाही, हे सभासदांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता आणि प्रसूतिसेवा या क्षेत्रांत नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण सुरू केले आहे. लहान मुलांसाठी स्वतंत्रपणे निदान आणि औषधोपचार करणारे पद आपल्याकडे नाही. म्हणून आपल्या संस्थेतील परिचारिकेने औषध लिहून देण्याच्या फंदात पडू नये. तिने मूल ओळखावे, त्याचे ऐकून घ्यावे, त्याला योग्य ठिकाणी पोहोचवावे आणि ते तिथे टिकते की नाही, हे पाहत राहावे. यांतले शेवटचे काम सर्वांत कठीण असते.

सरकारी व्यवस्था नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते, आणि ते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करते. किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहे, संकटातल्या मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. अडचण अशी की ही सारी व्यवस्था एका जागी राहणाऱ्या मुलासाठी आखलेली आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील कुटुंबे ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर टोळ्यांनी येतात. मुलाचे नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर राहते आणि मूल बागेच्या बांधावरच्या ताडपत्रीत असते.

गेल्या हंगामात दिंडोरीजवळच्या एका बागेत आम्ही काही निवृत्त सिस्टर लसीकरणाची चौकशी करायला गेलो होतो. तिथे एका मुलीच्या दोन्ही हातांच्या बोटांची सालपटे निघालेली दिसली. दिवसभर घड औषधाच्या पाण्यात बुडवण्याचे काम ती करत होती. वय विचारले तर मुकादमच पुढे होऊन "अठरा" म्हणाला. आमच्यातल्या एका सिस्टरने दंडाचा घेर मोजायचा आहे असे सांगून तिला ताडपत्रीच्या आत नेले, हात स्वच्छ धुऊन त्यांना मलम लावले आणि मलम लावता लावता शाळेचे नाव विचारले. ती आश्रमशाळेत आठवीत होती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत गेलीच नव्हती. आम्ही १०९८ वर कळवले, मुख्याध्यापकांशीही बोललो. त्यांनी तिला परत घेण्याची तयारी लगेच दाखवली. पण धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून मुलगी जायला तयार नव्हती. त्या भावाची सोय लागली तेव्हाच तिची शाळा सुरू झाली. ही सोय कोणत्याही तपासणीच्या तक्त्यात येत नाही, आणि नेमके असेच काम आपल्या संस्थेने करावे, असे मला वाटते.

कायद्याचीही एक बाब आहे. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा दंडनीय अपराध आहे. त्यामुळे "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन आपल्या सिस्टरने मुलीला कधीच देऊ नये. काय सांगावे लागेल, कोणाला सांगावे लागेल आणि त्या वेळी आपण सोबत असू, हे बोलणे सुरू होण्यापूर्वी तिला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. लग्न करून दिलेल्या सतरा वर्षांच्या गर्भार मुली केस होईल या भीतीने सरकारी दवाखाना टाळतात आणि भलत्याच्या हाती पडतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असता तिची आणि तिच्या पालकांची विनंती असेल, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ही गोष्ट पाड्यावरच्या आशाताईपर्यंत पोहोचली, तरी कितीतरी मुलींचे हाल वाचतील.

नेतृत्वाविषयी माझा आग्रह तुझ्याहून तसूभरही कमी नाही. विश्वस्तांमध्ये बहुमत परिचारिकांचे असावे. बालरोगतज्ज्ञ, वकील आणि समाजकार्यकर्ते सल्लागार म्हणून अवश्य घ्यावेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात म्हसरूळला आहे आणि आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकलाच आहे, तेव्हा योग्य परवानगीने परिचर्येच्या विद्यार्थिनींना या कामात आणता येईल. मंडळाने मात्र मुलांची छायाचित्रे मागू नयेत. बाल न्याय कायदा २०१५ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतो, आणि कायदा नसता तरी मी ती दिली नसती.

—

प्रेषक: खजिनदार

मॅडमना सादर प्रणाम. दोन्ही पत्रे कार्यकारिणीसमोर ठेवली आहेत. पैशांबाबत काही गोष्टी आताच सांगणे आवश्यक आहे.

आपल्यापैकी ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे, त्यांची आणि मंडळाची देणगी भारतात परकीय योगदान ठरते. ते स्वीकारण्यासाठी संस्थेची २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नव्या संस्थेला आधी काही वर्षांचे काम दाखवल्याशिवाय नोंदणी मिळत नाही. एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसे फिरवण्याचा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्या सभासदांनी बँकेतून पाठवलेली वैयक्तिक देणगी मात्र परकीय मानली जात नाही.

त्यामुळे पहिल्या टप्प्यात अशा वैयक्तिक देणग्यांतून दोन परिचारिकांचे मानधन आणि प्रवासखर्च भागवावा, आणि इथल्या नर्स प्रॅक्टिशनर सभासदांनी मुलांशी बोलण्याच्या पद्धतीचे वर्ग मराठीतून, दूरदृश्य पद्धतीने घ्यावेत, असे कार्यकारिणीचे मत आहे. मॅडमनी विश्वस्तपत्राचा मसुदा पाठवल्यास धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीसाठी आपले नाशिकचे वकील सभासद तो तपासून देतील. वर्ग घेण्यास तयार असलेल्यांनी आपली नावे आणि सोयीची वेळ या महिनाअखेरपर्यंत मला कळवावी. वेळ ठरवताना सिस्टरांच्या पाळ्या लक्षात घ्याव्यात.