हातच्या कुरडया ४०० रुपये किलो : महाग की स्वस्त?

आर्वीकडची (धागा सुरू करणारी) :
मागच्या आठवड्यात पुण्याहून एका ताईंचा फोन आला. दोन किलो कुरडया पाहिजे होत्या. मी भाव सांगितला, चारशे. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "अहो, इथं दुकानात अडीचशेला मिळतात. आणि तुमचा तर गहू घरचाच असेल ना!"

गहू घरचा म्हणजे फुकट, हे गणित मला अजून जमलेलं नाही. तोच गहू मी बाजारात नेला असता तर पैसे आले असते की नाही?

आम्ही तिघी मिळून वाळवण करतो, होळीपासून रोहिणीपर्यंत. कुरडयांचं काम ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजतो, रोज सकाळी पाणी बदलायचं. मार्चमध्ये तीन दिवस लागतात. मेमध्ये आमच्याकडे ऊन पंचेचाळीसला टेकलं की दोनच दिवसांत पाण्यावर फेस येतो. त्यात एक दिवस जास्त गेला तर चीक आंबट होतो आणि कुरडई लालसर पडते. घाई केली तर दाण्यातला चीक पुरता सुटतच नाही. कधी काढायचा हे घड्याळ सांगत नाही. दाणा चिमटीत दाबायचा. पांढरं दूध टचकन बाहेर आलं आणि हातात नुसतं टरफल उरलं, की समजायचं झालं.

मग संध्याकाळी वाटून, कपड्यातून दोन-तीनदा पिळून, रात्रभर ठेवायचं. चोथा गाईला. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, खाली चीक बसलेला असतो, खरवडून काढावा लागतो इतका घट्ट. जितका चीक तितकं पाणी, हिंग-मीठ घालून उकळायला ठेवायचं, बारीक धारेनं चीक सोडायचा आणि हात थांबवायचा नाही. थांबला की गुठळ्या. ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की उतरवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. गार झाला तर सोऱ्या फिरत नाही, खांदा मात्र फिरतो.

आता हिशोब. १० किलो गव्हाचे ३४० रुपये. लाकूड, हिंग, मीठ, पिशव्या मिळून १५०. कुरडया निघतात साडेचार किलो, त्यातला अर्धा किलो चुरा. उरलेल्या ४ किलोचे १६०० आले. खर्च वजा जाता १११०, तिघींत वाटून ३७० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता ३१२. म्हणजे कला, आवड, हातची चव, अन्नपूर्णा, सगळं धरून ५८ रुपये.

मला हे काम आवडतं, नाही म्हणत नाही. पण आवडतं म्हणून मजुरीतून कापून घ्यायचं का? सांगा, माझा भाव चुकला का?

मूळचा वाशिमचा :
ताई, राग मानू नका. मीही पुण्यातच राहतो, फोन माझा नव्हता एवढंच. पण त्या बाईंचं काय चुकलं? गिऱ्हाईक वस्तूचा भाव देतं, घामाचा नाही. तळून ताटात आल्यावर तुमची कुरडई आणि दुकानातली कुरडई माझ्या मुलांना वेगळी सांगता येत नाही. मलाही येत नाही, खरं सांगतो.

दुसरं, आमच्या लहानपणी अख्ख्या आळीतल्या बाया जमायच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. कोणी कोणाला रोज दिला नाही. आम्ही पोरं वाटीत गरम चीक साखर घालून खायचो आणि कावळे हाकलायचो. आता त्याच गोष्टीला 'गावरान', 'घरगुती', 'हातची' अशा चिठ्ठ्या लावून दीडपट भाव. शहरातल्या प्रदर्शनात तर प्रत्येक टेबलावर 'आजीच्या हातचं' असतं. इतक्या आज्या आल्या कुठून?

आणि हातची आहे याची खात्री कोण देणार? स्वच्छतेची?

आर्वीकडची :
स्वच्छतेचं विचारलंत ते बरोबर केलंत. मी अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी केलेली आहे. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान धंद्याला साधी नोंदणी पुरायची, वर्षाचे १०० रुपये. नंबर पाकिटावर छापलेला आहे. विकत घेताना तो बघा, माझ्याकडून घ्या की दुकानातून.

आळीतल्या बायांनी रोज घेतला नाही, कारण त्या एकमेकींचं काम फेडत होत्या. तुमच्या आईनं शेजारणीकडे दोन दिवस सोऱ्या फिरवला, म्हणून शेजारीण तुमच्याकडे आली. ते फुकट नव्हतं. तुम्ही कावळे हाकलत होता, उधारी तुम्हाला दिसली नाही.

हिशोबनीस :
ताईंचा हिशोब मांडणीला चोख आहे, पण अपुरा. संध्याकाळचं वाटणं आणि पहाटेचं शिजवणं-घालणं, एवढाच रोज धरला. ठीक. मग तीन दिवस पाणी बदलणं? दोन दिवस खाटांची राखण, उलटवणं, रात्री आत घेणं? पिशव्या भरणं, वजन, फोनवर अर्धा तास घासाघीस, पार्सल घेऊन स्टँडवर जाणं? सोऱ्याची झीज, ग्राइंडरची वीज? आणि एप्रिलमधला अवकाळी! एक घाणा भिजला की त्याचा खर्चही गेला आणि रोजही गेला.

माझ्या मते ४०० हा तोट्याचा भाव आहे. ५५० लावा. नाही घेतल्या तर नाही घेतल्या. कपाशीचा भाव आपल्या हातात नाही म्हणून विदर्भ सत्तर वर्षं ओरडतो आहे. निदान कुरडईचा तरी आहे, तो कशाला सोडता?

सोऱ्या नव्हे यंत्र :
५५० लावा म्हणणं सोपं आहे. घेणार कोण?

माझं पुसदकडे शेवयांचं यंत्र आहे, चौदा वर्षं झाली. ते आणलं तेव्हाही गावात हेच ऐकलं, "हाताच्या शेवयीची सर नाही". आज त्याच बाया रव्याचा डबा घेऊन पहाटे माझ्या दारात नंबर लावतात. का? खांदे दुखतात म्हणून. यंत्रानं शेवयी वाईट होत नाही. वाईट होते ती रव्यानं. बन्सी गव्हाचा चांगला रवा आणला तर यंत्राचीसुद्धा उकळत्या पाण्यात तार धरते.

ताईंनी दाणा दाबून चीक ओळखावा, ती विद्या त्यांचीच. पण दाबायचं काम पितळी सोऱ्यानंच का करायचं? सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० साली आली. प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि बचत गटाच्या सदस्याला सुरुवातीच्या भांडवलासाठी ४० हजारांपर्यंत. दाबायचं यंत्र आणि वाळवायची बंद खोली केली तर अवकाळीचं रडगाणंही संपेल. मग २८० ला विका आणि तरी ५०० रोज पाडा.

आर्वीकडची :
कर्ज कोण फेडणार? अनुदान कर्जाला जोडलेलं आहे, आधी बँक हो म्हणाली पाहिजे. आणि काम वर्षातून अडीच महिन्यांचं. उरलेले साडेनऊ महिने ते यंत्र काय करेल, पोळा साजरा करेल?

सोऱ्या नव्हे यंत्र :
पावसाळ्यात डाळ भरडा, हिवाळ्यात तीळ-जवसाच्या चटण्या करा. धंदा करायचा असेल तर बारमाही करावा लागतो. नाहीतर ती हौस. हौसेला मग रोज मागू नये.

पोळलेले हात :
सगळे भाव आणि यंत्र बोलून राहिले. मी दुसरंच सांगते.

लग्न होऊन यवतमाळकडच्या खेड्यात आले तेव्हा पहिल्याच एप्रिलमध्ये सासूबाईंनी आठ पायल्या गव्हाच्या कुरडया काढल्या. पहाटे तीनला उठायचं. उकळता चीक ढवळताना त्याचा फुगा फुटतो आणि मनगटावर उडतो. चिकटतो, झटकता येत नाही. दोन डाग अजून आहेत माझ्या हातावर. दुपारी बारापर्यंत गच्चीवर, तळपाय पोळलेले, आणि खाली आल्यावर अख्ख्या घराचा स्वयंपाक तसाच वाट बघत असलेला. पाहुणे आले की सासूबाईंचं कौतुक, "काय पांढऱ्याशुभ्र!" सासूबाईंचीही चूक नव्हती म्हणा, त्यांच्या सासूनं त्यांना तसंच राबवलं.

त्या गेल्या त्या वर्षी मी सोऱ्या माळ्यावर टाकला. अडीचशेच्या आणते, तळते, कोणी मेलं नाही. तेव्हा "कला जपली पाहिजे" म्हणणाऱ्या पुरुषांनी आधी एक घाणा ढवळून दाखवावा.

मात्र ताई, तुमच्या ३७० रुपयांचा मला हेवा वाटला. मला ते कोणी कधी मोजून दाखवलेच नाहीत.

खारपाणपट्टा :
काऊन भांडून राहिले बापा? आमच्या दर्यापुराकडं या. पूर्णेच्या पट्ट्यात पाणीच खारट, अकोला-अमरावती-बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत तेच रडणं. आमची माय मीठ टाकायच्या आधी पाणी चाखून पाहे. एक साली मामीनं नागपूरच्या मापानं मीठ टाकलं, कुरडई अशी झाली का तोंडात धरवे ना! मामा म्हणे, "दारूवाल्याले इकून टाक."

यंत्रवाल्या भाऊले इचारतो, तुमचं यंत्र पाणी चाखते का?

सोऱ्या नव्हे यंत्र :
नाही चाखत. चाखणारी बाई यंत्रापाशी उभी करतो, तिला रोज देतो. 🙂

समुद्रपूरवाला :
भावाचं मूळ नावात आहे. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे भिवापुरी मिरचीलाही मिळालं. 'वायगाव' म्हटलं की रंग-वास न पाहता माणूस दोन पैसे जास्त देतो. वऱ्हाडी कुरडई, सरगुंडे यांच्यासाठीही कोणीतरी खटपट करावी. सरगुंडे तर विदर्भाबाहेर फार कोणाला माहीतही नाहीत. पेन्सिलीहून बारीक काडीवर कणकेची दोरी गुंडाळून अलगद सरकवून काढायची, वाळवायची, आणि आंब्याच्या रसासोबत उकडून खायची. नाव झालं की भाव येतो.

पोळलेले हात :
मानांकन गावाच्या नावाला मिळतं. काडीवर गुंडाळणाऱ्या बाईचं नाव त्या कागदावर कुठे असतं?

हिशोबनीस :
आणि वायगावच्या नावाखाली भलतीच हळद खपवणारा व्यापारीच त्यात आधी पैसे करतो. ताई, नावाच्या मागे लागू नका. बांधलेली पन्नास घरं धरा, भाव होळीच्या आधी सांगा आणि अर्धे पैसे आगाऊ घ्या. जो आगाऊ देतो तो घासाघीस करत नाही.

आर्वीकडची :
आगाऊचं पटलं. औंदा उशीर झाला, पुढच्या होळीला करते. ५५० चं धाडस नाही होत, ४५० लावीन.

यंत्राचंही दोघींशी बोलले. एकीला हवंय, तिचा खांदा गेलाय. दुसरी म्हणते, यंत्र आलं तर तिसऱ्या बाईचं काम काय? ती तिसरी म्हणजे तीच. यावर मला उत्तर सुचलेलं नाही, म्हणून ते तसंच पडलं आहे.

पोळलेले हात, तुम्ही सोऱ्या माळ्यावर टाकला ते योग्यच केलंत. माझ्याकडे ढवळायला लांब दांड्याचा लाकडी घोटा आहे आणि मनगटाला ओलं फडकं बांधते. तरी उडतोच.

मूळचा वाशिमचा :
बरं, हरलो असं नाही, पण एक किलो पाठवा ४०० च्या भावानं. दुकानातल्याही आणतो, मुलांना डोळे मिटून खायला लावतो, काय निघेल ते इथंच लिहीन. आणि तो अर्धा किलो चुरा निघतो म्हणालात, तो दीडशेला द्याल का? मला त्याची कांदा घालून भाजी आवडते.

आर्वीकडची :
किलोभर उद्याच्या गाडीनं पाठवते. चुरा मिळणार नाही. त्याची भाजी आमच्या तिघींच्या घरी होते.