मदत हवी आहे : मित्र गेला, त्याचा कुत्रा माझ्याकडे आहे (सातारा)

नमस्कार मंडळी. माझा जिवलग मित्र गेल्या महिन्यात हार्ट अटॅकने गेला. एकटाच राहायचा, म्हणून त्याचा वाघ्या मी शाहूपुरीत घरी आणला. गावठी आहे, वय झालंय.

वाघ्या नीट खात नाही. दूध-भाकरी, उकडलेलं चिकन, सगळं नुसतं हुंगतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं. किडनी, लिव्हर ठीक, ताप नाही. वेळ द्या म्हणाले. मित्र त्याला रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर न्यायचा. आता मी नेतो, तर वाटेत भेटेल त्या माणसाजवळ थांबून वास घेतो. ते बघून मलाच पुढे चालवत नाही.

मित्राचा न धुतलेला शर्ट त्याच्या अंथरुणात ठेवलाय, त्यावरच झोपतो. तो राहू द्यावा की हळूहळू काढावा? बायको म्हणते, फिरायचा रस्ता बदला. मला वाटतं तेवढीच त्याची ओळखीची जागा उरली आहे. कुणाचा अनुभव?

आणि माझ्यासाठी : टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर असं दुःख कुणी बोललंय का? घरी विषय काढला की 'झालं ते झालं' म्हणतात.