शब्दचर्चा : जीवाश्म ‘चमकतो’ म्हणावे का?

नौपाडा, ठाणे :
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी जीवाश्मांच्या छायाचित्रांखालील मराठी मजकूर लिहीत आहे. त्यांतील एक छायाचित्र जर्मनीतील झोल्नहोफेनच्या चुनखडकात सापडलेल्या लहानशा माशाचे आहे. साध्या उजेडात दगड आणि माशाचे पर जवळजवळ एकाच फिकट रंगाचे दिसतात, परंतु अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावला की दगड मागे सरतो आणि परांतला काटा न् काटा वेगळा मोजता येतो. ‘हाडे अतिनील प्रकाशात चमकतात’ असे मी लिहिले होते. मात्र ‘चमकणे’ हे क्रियापद मला खटकते आहे. नेमका शब्द कोणता?

वाशी, नवी मुंबई :
आपल्याला खटकले ते योग्यच आहे. घासलेले भांडे चमकते तेव्हा बाहेरचा उजेड त्यावरून परततो. येथे हाडांतील कॅल्शियम फॉस्फेटचे खनिज आणि जीवाश्म होताना त्यात शिरलेली काही मूलद्रव्ये डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून घेतात आणि अधिक तरंगलांबीचा, म्हणजे आपल्याला दिसणारा, प्रकाश स्वतः बाहेर टाकतात. दिव्याचा परतलेला प्रकाश चित्रात येऊ नये म्हणूनच भिंगापुढे अतिनील अडवणारा फिल्टर लावलेला असतो. ‘चमक’ म्हटले की आपण मुद्दाम गाळलेली गोष्टच वाचकाच्या मनात उभी राहते. मी ‘प्रतिदीप्ती’ (इंग्रजीत ‘फ्लुओरेसन्स’) सुचवतो.

पाचपाखाडी, ठाणे :
‘प्रतिबिंब’ आणि ‘प्रतिध्वनी’ या शब्दांमुळे ‘प्रति’ म्हटले की परत येणेच आठवते, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा होईल. ‘अनुस्फुरण’ हा शब्दही वाचनात येतो. तो मला अधिक बरा वाटतो.

वाशी, नवी मुंबई :
‘प्रतिसाद’ आणि ‘प्रतिक्रिया’ यांतही ‘प्रति’ आहे, आणि तेथे उत्तर देणाऱ्याचे उत्तर त्याचे स्वतःचे असते. उलट ‘अनु’मुळे मागाहून रेंगाळणारा उजेड सुचतो; आपला मासा तर दिवा बंद होताच विझतो. रेंगाळणाऱ्या उजेडासाठी ‘स्फुरदीप्ती’ हा शब्द राखून ठेवावा, जरी पांढरा स्फुरद (फॉस्फरस) अंधारात उजळतो तो हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या मंद अभिक्रियेमुळे, आणि त्यामुळे तो शब्दही निर्दोष म्हणता येत नाही. ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून दिले. त्या खनिजाचे नाव मात्र ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले, कारण धातू गाळताना मळी पातळ करण्यासाठी ते वापरत असत. मूळ नावातच प्रकाशाचा मागमूस नाही, तेव्हा त्याचे शब्दशः भाषांतर करण्याचे बंधन आपल्यावर नाही.

बेलापूर, नवी मुंबई :
जुन्या मराठी लेखनात अतिनील किरणांना ‘जंबुपार’ म्हणत. जांभळ्याच्या पलीकडचे हा अर्थ त्यात चोख आहे, आणि जांभळी नाक्यावरून रोज जाणाऱ्या ठाणेकरांना तर तो सहज उमगेल. तथापि मुलांच्या ओळखीचा ‘अतिनील’च ठेवावा. माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. नुसते ‘अतिनील छायाचित्र’ लिहू नये. वस्तूवरून परतलेले अतिनील किरणच टिपणारे छायाचित्रणही वेगळे असते, आणि त्यात फिल्टर अगदी उलटा, म्हणजे दृश्य प्रकाश अडवणारा, लावतात. आपले चित्र ‘अतिनील प्रतिदीप्ती छायाचित्र’ आहे. मुलांना उदाहरण हवे असेल तर दुकानातील नोटा तपासण्याचा दिवा दाखवावा; त्याखाली नोटेचा क्रमांक असाच उजळतो. माशाच्या डोक्याजवळ जी निळसर पांढरी रेघ दिसते, ती हाडाची नसून भेग जोडणाऱ्या डिंकाची असावी. दुरुस्तीच्या अशा जागा या प्रकाशात हाडापेक्षा वेगळ्या रंगाने उठून दिसतात. ती खरोखर डिंकाची असेल तर मजकुरात तसे सांगावे.

नौपाडा, ठाणे :
भिंगाखाली पाहिले, ती रेघ डिंकाचीच आहे. मजकूर असा केला आहे : ‘अतिनील प्रतिदीप्ती छायाचित्र. दिव्याखाली माशाची हाडे स्वतःच्या प्रकाशाने उजळली आहेत. डोक्याजवळची निळसर रेघ डिंकाची आहे.’